दात कोण घेत होतं?

केनियातल्या त्सावोच्या रानात शिरल्यावर पहिला हत्ती दिसला तेव्हा मावशी गाडीच्या उघड्या छतातून डोकं बाहेर काढून उभी होती. आमच्या चालकांनी नुसता हात करून दाखवलं, गाडी हळू केली, आणि वाळलेल्या झुडपांमागून तो विटकरी रंगाचा प्रचंड देह पुढे आला. मी कॅमेरा शोधायला खाली वाकले, तर मावशीने चपला काढून सीटखाली नीट सारलेल्या. वर पाहिलं तर ती हात जोडून, डोळे मिटून उभी. ओठ हलत होते. अथर्वशीर्षच असणार. चालकांनीही आरशातून पाहिलं असावं, कारण त्यांनी इंजिन बंद केलं. हत्ती निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, मावशी काय करत होत्या? मी सांगितलं, आमच्याकडे हत्तीचं मुख असलेला देव आहे, कुठलंही काम सुरू करताना आधी त्याला नमस्कार करतात. त्यांनी मान डोलावली. थोडं अंतर गेल्यावर, रस्त्यावरची नजर न हलवता, अगदी साध्या सुरात ते म्हणाले, "माझे आजोबा सांगायचे, इथले दात मोंबासाला जायचे आणि तिथून जहाजाने इंडियाला. तुम्ही हत्तीला देव मानता, तर मग ते दात कोण घेत होतं?"

मी ते मराठीत मावशीला सांगितलं. ती काही बोलली नाही.

नैरोबीत राहणाऱ्यांकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना मसाई मारा हे सिंहांचं रान दाखवायची पद्धत आहे. मावशीने मात्र आल्या आल्याच सांगून टाकलं होतं की तिला सिंह-बिंह काही नको, हत्ती बघायचेत, आणि भरपूर बघायचेत. मग त्सावोच. पश्चिम आणि पूर्व मिळून वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं रान, 1948 साली राखीव झालेलं, आणि केनियात सगळ्यात जास्त हत्ती इथेच. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्रीपर्यंत परत. मोंबासा रोडवर ट्रकांची रांग संपत नाही. म्तितो अंदेईला थांबून चहा घेतला, मावशीने स्टीलच्या डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. (प्लास्टिकच्या पिशव्या या देशात 2017 पासून बंद आहेत, त्यामुळे सगळं सामान फडक्यात आणि डब्यांत बांधलेलं. मावशीला ते फार आवडलं, तिच्या लहानपणी प्रवासाला असंच निघत.) पुढे गोरखचिंचा सुरू होतात, मग उजाड, राखाडी, काटेरी रान, आणि रस्त्याला सोबत करणारा नव्या रेल्वेचा उंच बांध. बांधाखालून हत्तींना जायला वाटा ठेवल्या आहेत.

त्सावो नदीवरच्या रेल्वेपुलाची आणि तो बांधणाऱ्या मजुरांना खाणाऱ्या 1898 सालच्या त्या दोन नरभक्षक सिंहांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मावशीला ती माहीत नव्हती, म्हणून मी सांगितली. पण तिने विचारलं ते सिंहांबद्दल नव्हतंच. तिने विचारलं, "ती रेल्वे बांधायला माणसं आपल्याकडून का आणली?" ती मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर अशी रेल्वे, 1896 ते 1901. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आले, बरेचसे पंजाबातले, आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. रोगाने, अपघाताने, सिंहाने त्यातले अगदी थोडे. शिकागोच्या संग्रहालयात ते दोन सिंह पेंढा भरून ठेवलेत. मजुरांची नावं मात्र मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत. मावशी पुलावरून जाताना वाकून खाली बघत राहिली. पाणी थोडंच होतं.

व्होईच्या फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो रंग. माती लाल, कोकणातल्या जांभ्याच्या मातीसारखी, आणि तिथलं सगळं काही त्याच रंगात माखलेलं. वारुळं लाल, झेब्र्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लालसर छटा, आणि हत्ती तर पूर्णच. ते सोंडेने माती उचलून पाठीवर फेकतात, चिखलात लोळतात, खोडांना अंग घासतात, आणि मूळचा करडा रंग फक्त कानामागच्या सुरकुत्यांत शिल्लक राहतो. पहिला नर एकटा होता. पण दुपार उतरल्यावर आम्ही अरुबाच्या बंधाऱ्याकडे गेलो तेव्हा तिथे कळपच्या कळप येत होते. हा बंधारा 1952 साली व्होई नदीवर घातला. त्या दिवशी पाणी मधल्या भागात उरलं होतं आणि भोवती तडकलेला, खुरांनी तुडवलेला चिखल. गाडी बंद केली की आधी ऐकू येतं ते कान हलवण्याचं फडफडणं. मग पोटातून येणारी ती खोल गुरगुर, जी कानांनी ऐकण्याआधी छातीत जाणवते. वारा आमच्याकडे वळला की शेणाचा, ओल्या मातीचा आणि चावलेल्या पाल्याचा वास येई. एक पिल्लू, जेमतेम काही महिन्यांचं, आईच्या पुढच्या पायांमधून बाहेर आलं आणि पाण्याशी गुडघे टेकून थेट तोंडाने प्यायला लागलं. सोंड त्याला अजून वापरता येत नव्हती. ती बाजूला नुसतीच लोंबत होती, मधेच पाण्यात पडत होती, आणि ते तिच्याकडे आश्चर्याने बघत होतं. मागून एक म्हातारी हत्तीण आली. गालफडं बसलेली, कानाच्या कडा फाटलेल्या. तिने सोंडेचं टोक पिल्लाच्या पाठीवर ठेवलं आणि तसंच ठेवून ती उभी राहिली.

चालक सांगत होते की कळपाची प्रमुख ही अशी वयस्क मादी असते. मुलगे बारा-चौदा वर्षांचे झाले की कळप सोडतात; मुली सोडत नाहीत. आई, आजी, बहिणी, त्यांची पिल्लं, सगळ्या जन्मभर एकत्र. दुष्काळात पाणी कुठे मिळेल हे त्या म्हातारीला ठाऊक असतं, आणि म्हणून ती गेली की मागच्यांचे हाल होतात. मी हे सगळं मावशीला सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे हे सगळं माहेरच आहे."

आणि मग बऱ्याच वेळाने, "एवढी माणसं असतात होय हत्तीला."

मावशीचं माहेर जयसिंगपूरच्या बाजूला. नांदणीच्या मठात हत्ती ठेवायची जुनी परंपरा, त्यामुळे हत्ती तिला लहानपणापासून माहीत. पण माहीत म्हणजे एकटा. कपाळावर रंगवलेला, पाठीवर झूल टाकलेला, पायात साखळी असलेला, केळं दिलं की सोंड डोक्यावर ठेवणारा. मिरवणुकीत दोन हत्ती आले तरी ते एकमेकांचे कुणी नसत. तिने आयुष्यात शेकडो वेळा हत्तीला हात जोडले असतील, तो मनापासूनचा नमस्कार होता आणि आहे. पण त्या हत्तीलाही कुठेतरी मावश्या असतील, हे तिला अरुबाच्या काठावर सत्तरी ओलांडल्यावर दिसलं. मलाही कधी सुचलं नव्हतं. आपण हत्तीची मूर्ती इतकी जवळ ठेवली, घरात, गाडीत, लग्नपत्रिकेवर, की जिवंत हत्तीबद्दल आणखी काही विचारायची गरज वाटली नाही असं मला त्या संध्याकाळी वाटत राहिलं. भक्ती खोटी असते असं मी म्हणत नाही. मला तिच्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल आदरच आहे. पण भक्तीत एक प्रकारची पुरेपणाची भावना असते, आणि ती पुढचं पाहू देत नाही.

मुक्काम टेकडीच्या उतारावरच्या लॉजमध्ये होता. खाली पाणवठा, वर दगडी कठडा, आणि कठड्यावर गुबगुबीत, सशाएवढे हायरॅक्स उन्हाची शेवटची ऊब घेत बसलेले. बिनशेपटीचे, उंदरासारख्या तोंडाचे हे जीव हत्तीच्या जवळच्या नातेवाइकांपैकी आहेत, हे चालकांनी सांगितल्यावर मावशीने त्यांच्याकडेही कौतुकाने पाहिलं. अंधार पडल्यावर पाणवठ्यावर रेडे आले, मग पुन्हा हत्ती. आम्ही जेवत होतो. मावशी भात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "आजीच्या फणेरपेटीत हस्तिदंती फणी होती."

मला आधी संदर्भच लागला नाही. मग लागला. ती सकाळपासून त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती.

फणेरपेटी तिने सविस्तर सांगितली. सागवानी, झाकणाच्या आत आरसा, पारा उडालेला. आत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ, आणि सुती कापडात गुंडाळलेली ती फणी. दोन्ही बाजूंना दाते, एकीकडचे जरा विरळ आणि दुसरीकडचे इतके बारीक की त्यातून लीखही सुटायची नाही. रंग दुधाळ नव्हे, पिवळट, तेल पिऊन पिऊन मध्यभागी तपकिरी झालेला. लाकडी फणीने केस तुटतात, हिने तुटत नाहीत, शिवाय ती डोक्याला थंड लागते, असं आजी म्हणायची. शुक्रवारी न्हाऊन झाल्यावर नातींना ओळीने बसवून आजी तीच फणी सगळ्यांच्या केसांतून फिरवायची. त्याच घरात, त्याच खोलीत, कोनाड्यात गणपती होता. मावशी म्हणाली, "फणी हस्तिदंताची आहे हे आम्हाला माहीत होतं गं. पण हस्तिदंत म्हणजे हत्तीचा दात, हे माहीत असून कधी डोक्यात आलं नाही." मग तिने ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठून गेली.

चालकांच्या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यावरच मिळतं. मुंबई ही पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताची मोठी पेठ होती. आतल्या मुलखातून दात माणसांच्या खांद्यांवरून शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत यायचे, झांझिबारला जमायचे, आणि मोसमी वाऱ्यांवर निघणाऱ्या गलबतांतून आपल्याकडे पोहोचायचे. झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. मुंबईहून काही माल लंडनला जायचा, तिथे त्याच्या पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू व्हायचे. उरलेला इथेच राहायचा, मुख्यतः बांगड्यांसाठी. आफ्रिकेचा दात आपल्या हत्तीच्या दातापेक्षा कातायला मऊ आणि मोठ्या घेराचा, शिवाय आपल्याकडच्या माद्यांना बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतात. गुजरात-काठेवाड-मारवाडात नवरीचा चुडा हस्तिदंताचा, आणि ती बाई गेली की तो चुडा लेकीसुनांकडे जात नसे, त्यामुळे प्रत्येक लग्नाला नवा दात लागायचा. आपल्याकडे चुडा हिरव्या काचेचा म्हणून आपण यातून सुटलो असं मला वाटत होतं. फण्या, सोंगट्या, सुऱ्यांच्या मुठी, देव्हाऱ्यावरचं जडावकाम, हे सगळं मी विसरले होते. काही घरांत हस्तिदंताचा गणपतीही असे. त्याबद्दल काय लिहावं हे मला खरंच सुचत नाही.

इथलं सगळं मात्र समुद्रापलीकडच्या मागणीने झालं असं म्हणणंही अपुरं होईल. त्सावोत पूर्वापार वाता लोक राहत. ताणायला अतिशय जड असलेली भलीमोठी धनुष्यं आणि झाडाच्या विषात बुडवलेले बाण घेऊन ते हत्तीची शिकार करत. मांस खात, दात किनाऱ्यावर विकत. राखीव क्षेत्र झालं आणि तीच शिकार एका रात्रीत चोरी ठरली. 1950 च्या दशकात डेव्हिड शेल्ड्रिक त्सावो पूर्वचे वॉर्डन असताना मोठी मोहीम निघाली, वाता शिकारी तुरुंगात गेले. पुढे 1970-71 च्या दुष्काळात हजारो हत्ती मेले, त्यात माद्या आणि पिल्लं जास्त, कारण पिल्लांना घेऊन पाण्यापासून लांब जाता येत नाही. आणि त्यानंतर जे आले ते धनुष्य घेऊन आले नाहीत, बंदुका घेऊन आले. साठच्या दशकाच्या अखेरीला या टापूत 35,000 च्या आसपास हत्ती होते. 1988 च्या मोजणीत ते 6,000 च्या आसपास उरले. 1989 च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष मोई यांनी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात 12 टन हस्तिदंत पेटवून दिला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे 1986 साली देशी हस्तिदंताचा आणि 1991 साली आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आज त्सावोत पुन्हा 15,000 च्या जवळपास हत्ती आहेत. तरी 2014 साली साताओ नावाचा नर, ज्याचे सुळे जवळजवळ जमिनीला टेकत, तो विषारी बाणानेच मारला गेला. तसे दात असलेले नर आता हातावर मोजण्याइतके उरलेत.

रविवारी सकाळी आम्ही मुदांडाच्या खडकावर चढलो. दीड किलोमीटर लांबीचा एकसंध, बुटका, उघडा खडक, आणि पायथ्याशी पाणी साठायची जागा. इथे गाडीतून उतरायची परवानगी आहे. मावशीने माझा हात धरला होता. खडक अजून थंड होता, वारा जोराचा. खालच्या पाण्यावर दहा-बाराजणींचा कळप होता आणि आम्ही बरोबर त्यांच्या पाठींच्या वर. वरून पाहिलं की त्यांच्या कण्याची धार दिसते आणि तिच्यावर वाळलेल्या मातीचे पापुद्रे. एकीचा एक सुळा अर्ध्यातून तुटलेला होता. मावशी पुटपुटली, "एकदंत". दुसरीला सुळे नव्हतेच. चालकांनी ती मुद्दाम दाखवली. मोझांबिकमध्ये गोरोंगोसाच्या राष्ट्रीय उद्यानात यादवी युद्धाच्या काळात इतके हत्ती मारले गेले की बिनसुळ्याच्या माद्याच जास्त वाचल्या, आणि पुढच्या पिढीत बिनसुळ्याच्या मुलींचं प्रमाण खूप वाढलं. दात नसणं हा जिवंत राहण्याचा गुण ठरला. ती बिनसुळ्याची हत्तीण पाण्यात सोंड फिरवत होती आणि तिचा चेहरा मला विलक्षण तरुण वाटत होता, वय कितीही असो.

तिथेच मावशी चालकांकडे वळली. मला म्हणाली, "त्यांना सांग, कालच्या प्रश्नाचं. आमच्या घरी घेत होते म्हणावं. फणी होती." मी इंग्रजीत सांगितलं. फणी हाताने केसांतून फिरवून दाखवली. ते लगेच काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या आईच्या शेताबद्दल सांगायला सुरुवात केली. ते ताइता टेकड्यांच्या बाजूचे. मागच्या हंगामात काढणीला आलेला मका हत्तींनी एका रात्रीत संपवला होता. आई रात्रभर पत्र्याचे डबे वाजवत उभी होती. भरपाईचा अर्ज केलाय, अजून काही आलेलं नाही. "हत्ती नसते तर मला नोकरी नसती," ते म्हणाले, "आणि आईला दर वर्षी पेरताना भीती वाटली नसती." मावशीने मला विचारलं, आईचं वय काय? मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं. मावशीपेक्षा त्या दोन वर्षांनी लहान निघाल्या. मावशीने डब्यातल्या उरलेल्या दशम्या फडक्यासकट त्यांच्या हातात दिल्या, आईला द्या म्हणून.

परतीच्या वाटेवर ती बराच वेळ झोपली. मला ट्रकांच्या दिव्यांत सारखा तो प्रश्न ऐकू येत राहिला. त्यात आरोप नव्हता, हेच मला जास्त लागलं. आरोप असता तर मी वाद घातला असता. जयराम शिवजी कच्छचे, आम्ही मिरज-जयसिंगपूरचे, असं काहीतरी म्हणाले असते. पण त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. आजोबांकडून त्यांनी गोष्टीचं एक टोक ऐकलं होतं, आणि दुसऱ्या टोकाचं माणूस गाडीत बसलेलं सापडलं होतं.

मावशी भारतात परत गेल्यावर तिने मिरजेला मामांना फोन केला. फणेरपेटी त्यांच्याकडे आहे, आणि फणीही. दोन दाते तुटलेत. मावशीचं म्हणणं, ती वनखात्याकडे देऊन टाकावी. असा हस्तिदंत मालकीच्या दाखल्याशिवाय घरात ठेवताही येत नाही, आणि दाखला कुणी कधी काढलेला नाही. मामांचं म्हणणं, ती आजीच्या हातची शेवटची वस्तू आहे, तिच्या दात्यांत अजून तिच्या तेलाचा वास येतो, आणि तो हत्ती मेला त्याला शंभर वर्षं होऊन गेली. दोघं एकमेकांवर चिडलेत. मला मामांचं दुखणं कळतं. आजीचा फोटोसुद्धा एकच आहे, तोही पुसट. तरी माझं मत मावशीसारखंच आहे: फणी द्यावी, फणेरपेटी ठेवावी. दिवाळीत मी मिरजेला जाणार आहे. मामांना अरुबाच्या काठावरचे फोटो दाखवणार आहे, ती फाटक्या कानांची म्हातारी आणि तिने पिल्लाच्या पाठीवर ठेवलेली सोंड, आणि मग फणीचं बोलणार आहे.